कर्लिंग रिंकच्या जागेवरचा पाचवा मजला

फर्न ब्लफ, सस्कॅचवान
जूनमधला दुसरा रविवार, जेवण झाले आहे, भांडी अजून पडली आहेत

तीर्थरूप मिरॉनदादा यांस,

तुम्ही बायकोचे थोरले भाऊ, तेव्हा खरे तर साष्टांग नमस्कार घालायला हवा; पण गेल्या मंगळवारी सबंध गावादेखत चर्चच्या हिरवळीवर पालथा पडून झाले आहे (ते कसे, हे पुढे येईलच), आणि बरगड्या अजून बोलतात, म्हणून हा नमस्कार बसल्या जागेवरूनच गोड मानून घ्यावा. तुमची नवी कवळी बसली का? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघे ठीक आहोत, आणि एकाच घरात आहोत. एवढ्यावरून काय अर्थ काढायचा तो काढा. फोनवर तुमची बहीण तुम्हाला सगळे सांगते हे मला ठाऊक आहे. पण ती तिची बाजू. माझी बाजू सांगायला मला कागद घ्यावा लागतो, कारण फोन कायम तिच्या हातात.

आमच्या घरामागची जुनी कर्लिंग रिंक तुम्हाला आठवत असेल. एका नाताळात बर्फावरून दगड सरकवायचा सोडून तुम्ही स्वतःच सरकत पार शेवटच्या वर्तुळापर्यंत गेला होता. (लोक अजून विचारतात, ते विनिपेगचे पाहुणे परत कधी येणार?) पुढे एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने तिचे छप्पर बसले, उरलेले नगरपालिकेने पाडले, आणि तेव्हापासून तो भूखंड मोकळाच. जागा नगरपालिकेची खरी. पण मागच्या ओसरीत बसून इतकी वर्षे मी तिच्याकडे एकटक बघत आलो आहे की थोडीफार माझ्याही मालकीची झाली असेल, असे मी धरून चाललो होतो. तर मार्चमध्ये तिथे पाटी लागली. या जागेवरचे खेळाचे आरक्षण उठवून तिथे राहती इमारत बांधायला परवानगी द्यायची, चार मजले, परवडणाऱ्या भाड्याची घरे, हरकती असल्यास जूनमधल्या जनसुनावणीत मांडाव्यात. आता तुम्हीच सांगा दादा, 'हरकती असल्यास' असे लिहिलेली पाटी एखाद्याच्या डोळ्यांसमोर रोवायची आणि त्याने हरकत घ्यायची नाही, हे माणसाला शक्य आहे का?

आम्ही 'रिंक बचाव समिती' काढली. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष आमचा शेजारी लॉर्न त्वेट, जो आयुष्यभर धान्याच्या कोठारावर कामाला होता आणि आठवड्याला तीन शब्द बोलतो. चिटणीस समोरच्या हेडा पेनरबाई, ज्यांना कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही (हा गुण विरोधी समितीच्या चिटणिसाला कितपत उपयोगाचा, हे तेव्हा सुचले नाही). तुमच्या बहिणीने पहिल्याच दिवशी विचारले, "रिंक तर केव्हाच कोसळली. वाचवताय काय?" मी म्हटले, "भावना." तर ती म्हणाली, "मग भावनेवर छप्पर घाला आधी," आणि कणीक मळायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आमच्या अंगणात दोन फलक. डावीकडे माझा: 'रिंकची जागा वाचवा'. उजवीकडे तिचा: 'घरे होऊ द्या'. मधोमध टपालाची पेटी. टपालवाला दोन दिवस बिचकत बिचकत अगदी मधल्या रेषेवरून चालत यायचा. घरात अबोला नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. अबोला परवडला असता. ती रोज वेळेवर वाढायची, पण वाढताना माहितीही वाढायची. "घे, बटाटा भरलेल्या आणखी दोन व्हरेनिकी घे. बेकरीतली ती पोरगी मामाच्या गॅरेजमध्ये झोपते. आंबट साय हवी का? शाळेचे नवे गणिताचे मास्तर घर नाही म्हणून नोकरी सोडून चाललेत. बीट अजून घालू?" मी सांगायचो की इमारतीची सावली माझ्या टोमॅटोंवर पडेल. मी सांगायचो की रहदारी वाढेल. (आमच्या रस्त्यावर दिवसाकाठी जी काय रहदारी होते ती बहुतेक लॉर्नच्या गवत कापायच्या गाडीची.) एकदा बोलण्याच्या भरात म्हणालो, "आणि कसले कसले लोक राहायला येतील!" तिने ताट माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "कसले म्हणजे? दोन पाय, एक डोकं, असलेच ना?" त्या दिवशीचे बीट मला फार आंबट लागले.

तर सुनावणीचा दिवस उजाडला. सुनावणी संध्याकाळी होती, आणि त्याआधी दुपारी नगरसेवकांना चार मजले म्हणजे केवढे संकट, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी दाखवायचे, अशी माझी योजना होती. कल्पना सर्वस्वी माझी. एक मोठा गॅसचा फुगा आणायचा, त्याला बरोबर चार मजल्यांच्या उंचीइतकी दोरी बांधायची, आणि जागेवर सोडायचा. लोक माना वर करून बघतील आणि हबकतील. लॉर्नचा भाचा जुन्या मोटारी विकतो, त्याच्या दुकानावर असा फुगा असतो. मी लॉर्नला विचारले, "त्याच्यावर काही लिहिलंबिहिलंय का?" लॉर्न म्हणाला, "हो." आठवड्याच्या तीन शब्दांतला एक त्याने खर्च केला, तेव्हा मला वाटले दुकानाचे नाव असेल. दुपारी महापौर फ्रिझनबाई चार-पाच नगरसेवकांना घेऊन आल्या, मी खूण केली, लॉर्नने आपल्या गवत कापायच्या गाडीला दोरी बांधून फुगा सोडला, आणि आमच्या रिंक बचाव समितीचा फुगा गावाच्या आकाशात डौलाने चढला. गॅरेजएवढा, लालभडक, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत: 'आजच घेऊन जा! सगळ्यांना परवडेल!'

दादा, पंधरा-वीस मिनिटांत तिथे रांग लागली. मी अतिशयोक्ती करत नाही, रांग. सरबताच्या टेबलामागे हेडाबाई बसल्या होत्या, लोकांना वाटले घरांची नोंदणी तिथेच. बेकरीतली पोरगी पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. शाळेच्या बसची चालक बाई बस कडेला लावून दोन पोरांसकट आली. औषधांच्या दुकानातला तो लाजरा माणूस आपल्या आईला धरून घेऊन आला. मी ओरडून सांगतोय की अहो, आम्ही विरोधी पक्ष! पण माझ्याकडे कोण बघतो, सगळे फुग्याकडे बघतायत. हेडाबाईंना नाही म्हणता येत नाही, त्या प्रत्येकाला सरबत द्यायच्या आणि "बघू, बघू, होईल काहीतरी" म्हणायच्या. थोड्या वेळाने ऐकतो तर त्या बसवालीला सांगत होत्या, "तू दक्षिणेकडची खोली माग हं, हिवाळ्यात ऊन येतं." आणि आणखी थोड्या वेळाने त्यांनी महापौरांनाच विचारले, "तिथे शिलाई मशीन चालवलेलं चालतं का हो? नाही, मी आपलं सहज विचारलं."

त्यात दुसरे दुखणे असे की फुगा उंच दिसेना. जागेच्या कडेने जे पॉपलर आहेत, त्यांच्या शेंड्यांच्या खालीच तो लोंबत होता. एक नगरसेवक म्हणाला, "एवढीच?" हे 'एवढीच' मला झोंबले. मी लॉर्नला हळूच सांगितले, दोरी जरा सैल सोड. (याला फसवणूक म्हणू नका. इमारतीवर धुराडे असते, धुराड्यावर कावळा बसतो, त्या कावळ्याची उंची कुणी धरायची?) लॉर्नने दोरी सोडली, फुगा पॉपलरांच्या वर गेला, आणि तिथे त्याची वाट बघत आपला प्रेअरीवरचा वारा उभा होता.

पुढचे फार भरभर झाले. फुग्याने गाडी ओढली. गाडीवर लॉर्न बसलेला. गाडी माझ्या कुंपणातून आत आली आणि ज्या टोमॅटोंना सावलीपासून वाचवण्यासाठी मी तीन महिने भाषणे करत होतो, त्या रोपांवरून समितीचे उपाध्यक्ष आडवेतिडवे फिरून गेले. एक रोप शिल्लक नाही. मी धावत जाऊन दोरी पकडली. गाठ सुटली, गाडी थांबली, लॉर्न वाचला, आणि फुगा मला घेऊन निघाला. रस्ता मी पायांनी ओलांडला, पण चर्चची हिरवळ पोटाने ओलांडली. शेवटी दोरी माझ्या हातातून निसटली आणि फुगा जाऊन अडकला कुठे, तर चर्चच्या घुमटावर, क्रुसाला दोरीचे वेढे घेऊन. अख्ख्या गावाला चर्चच्या माथ्यावरून दिसू लागले, 'आजच घेऊन जा! सगळ्यांना परवडेल!' फादर नेस्टर बाहेर आले, बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "मी इतकी वर्षं जे सांगतोय ते तुम्ही पाच शब्दांत मांडलंत, ल्युबोमिर. पण आधी विचारायचं तरी."

आता लॉर्नचे ऐका. हा मितभाषी माणूस; फुगा त्याच्या भाच्याचा; कुणाला काही न बोलता तो सरळ चर्चमध्ये शिरला, आतल्या शिडीने घंटेपाशी चढला आणि तिथल्या खिडकीतून बाहेरच्या कठड्यावर पाय ठेवून उभा राहिला. फुग्याची दोरी त्याने सोडवलीसुद्धा. फुगा उत्तरेकडे निघून गेला (परत मिळालेला नाही). पण लॉर्नला खाली येता येईना. पाय हलेनात. सत्तरी ओलांडलेला माणूस, वारा असा सुटलेला, आणि तो तिथे घंटेच्या खांबाला मिठी मारून उभा. दादा, तोवर मला सगळ्याची गंमत वाटत होती, अगदी फरफटताना सुद्धा. तेव्हा मात्र गंमत संपली.

अग्निशमन दलाला फोन गेला. अग्निशमन केंद्र चर्चपासून हाकेच्या अंतरावर, पण उंच शिडीची गाडी चालवणारी त्या दिवशी जी होती ती शेजारच्या हॉर्स लेकहून यायची होती. आम्ही वाट बघत राहिलो. मी खाली उभा राहून लॉर्नशी बोलत राहिलो, कारण तो गप्प झाला तर त्याला काही झाले की तो नेहमीसारखाच आहे, हे कसे कळणार? मी म्हटले, "लॉर्न, खाली बघू नकोस! काहीतरी बोल!"

आणि तो बोलायला लागला. सगळे गाव खाली उभे, महापौर उभ्या, तुमची बहीण माझ्या शेजारी, आणि लॉर्न त्वेट वरून बोलतोय.

"ल्युबो, इथून नदी दिसते रे."

"दिसते ना? छान! धरून ठेव!"

"इंगाला दाखवायला हवी होती." (इंगा त्याची बायको. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली, तुम्ही फुले पाठवली होती.) मग म्हणाला, "घर फार मोठं आहे, ल्युबो. वरच्या खोल्या मी उघडतच नाही. जिने नको वाटतात. त्या नव्या इमारतीत लिफ्ट असेल का रे?"

मी वर बघितले. समितीचा अध्यक्ष म्हणून मला काय उत्तर देणे भाग होते, ते तुम्हाला कळतेच. मी ओरडलो, "असणार! लिफ्टशिवाय कुणी बांधतं का?"

"मग बरं," लॉर्न म्हणाला.

शिडीची गाडी आली. रोशेल बुशे नावाची तरतरीत पोरगी, माकडासारखी वर चढली आणि लॉर्नला खांद्याला धरून पायरी पायरीने खाली घेऊन आली. लॉर्नने जमिनीवर पाय टेकताच मी तिच्यावरच डाफरलो, कारण भीती उतरली की मला राग चढतो. म्हटले, "इतका वेळ? केंद्र तर तिथे समोर आहे!" ती हेल्मेट काढून म्हणाली, "केंद्र समोर आहे हो काका, पण मी केंद्रात झोपत नाही. वर्षभर घर शोधतेय इथे. मिळालं असतं तर चालत आले असते." तुमच्या बहिणीने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. ती कधी बघते आणि कधी बघत नाही, यातच तिचे सगळे बोलणे असते.

संध्याकाळी नगरभवन खच्चून भरले. माझ्या कोटाला गवत, गुडघ्याला चिखल. आधी ओरिसियाचे, म्हणजे तुमच्या बहिणीचे, नाव पुकारले. प्रत्येकाला पाच मिनिटे. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझी पाच मिनिटं माझ्या नवऱ्याला द्या. त्याला लागतात." आणि खाली बसली. लोक हसले, मी नाही. मी माझ्या भाषणाचा कागद काढला. सावली, असे पहिले कलम होते. पण सावलीत उभे राहायला आता टोमॅटो कुठे होते? रहदारी, असे दुसरे. पण मला फक्त ती उशिरा आलेली शिडीची गाडी दिसत होती. पहिल्या रांगेत लॉर्न बसला होता, घोंगडी पांघरून, आणि माझ्याकडे मोठ्या विश्वासाने बघत होता. मी कागद खिशात घातला आणि जे तोंडात येईल ते बोलायला लागलो. मी म्हटले, "महापौरबाई, चार मजले हा काही मजल्यांचा आकडा आहे? मी स्वतः दोरी मोजून सोडली होती. चार मजल्यांवरून पॉपलरचे शेंडे दिसतात, बस्स. नदी दिसत नाही! लॉर्नला नदी दिसली ती त्याच्याहून वर गेल्यावर. तुम्ही रस्ता उकरणार, ट्रक आणणार, माझी दुपारची झोप मोडणार, आरक्षण बदलणार, आणि एवढा खटाटोप करून शेवटी वरच्या माणसाला नदीसुद्धा दाखवणार नाही? मग कशाला बांधता? बांधायचं तर नीट बांधा, नाहीतर बांधू नका!"

ही हरकत होती, दादा. मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, माझ्या मनात ती हरकतच होती. पण सभागृहात टाळ्या पडल्या. नियोजन विभागाचा तरुण अधिकारी उठला आणि चाचरत म्हणाला, "खरं म्हणजे मूळ आराखड्यात पाचच मजले होते. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेतही जास्तीत जास्त पाच असंच लिहिलंय. पण लोकांचा विरोध होईल म्हणून आम्ही भीतीने पाटीवर आधीच एक मजला कमी केला." महापौरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितले. "म्हणजे अध्यक्षांची हरकत चाराला आहे, पाचाला नाही," त्या म्हणाल्या, "असंच ना?" मी तोंड उघडले. काय बोलणार होतो ते अजून मला ठरवता आलेले नाही. तेवढ्यात त्या 'एवढीच'वाल्या नगरसेवकाने पाच मजल्यांची दुरुस्ती मांडलीसुद्धा. मतदान झाले. पाच बाजूने, चार विरोधात. आरक्षण उठले, घरे मंजूर झाली, आणि मी थांबवायला गेलो होतो त्या इमारतीला माझ्यामुळे एक मजला जास्तीचा मिळाला.

तुमची बहीण नगरभवनाच्या पायऱ्यांवर बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, थांबली, मला बघून परत हसली. मग उठून तिने माझा हात धरला (मार्चनंतर पहिल्यांदाच) आणि आम्ही चालत घरी आलो. घरी आल्यावर तिने अंगणातला माझा फलक उपटला, आणि मला वाटले आता तो चुलीत जाणार, तर तिने मागच्या बाजूला रंगवले, 'अध्यक्षांचा मजला', आणि रिंकच्या जागेवर नेऊन रोवला. येणारे-जाणारे मला वाकून सलाम करतात. बेकरीतली पोरगी माझ्याकडून खसखशीच्या रोलचे पैसे घेत नाही. अपमान करायची ही नवीनच तऱ्हा आहे, आणि तिची मला सवय होत चालली आहे.

समिती काल बरखास्त केली. ठराव हेडाबाईंनी मांडला. बाकी सर्व क्षेम. वहिनींना माझा नमस्कार सांगावा आणि कवळी घालूनच उत्तर लिहावे, म्हणजे अक्षर घट्ट येईल.

तुमचा, बरगड्या सोडून सर्वस्वी धडधाकट,
ल्युबोमिर

ता. क. एक गोष्ट राहिली, अगदी किरकोळ. खरे म्हणजे पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतले होते. मी नगरपालिकेत सहज चौकशी केली (टोपी खाली ओढून), तर आमच्या वयाला आणि आमच्या निवृत्तिवेतनात पाचव्या मजल्यावरची दक्षिणेकडची जागा बसते. नदी दिसते. तसे झाले तर हे घर रिकामे होईल. तुमची धाकटी मुलगी तालिया तीन पोरांना घेऊन तुमच्या तळघरात दिवस काढते आहे, हे तुम्ही कधी बोलत नाही, पण मला ठाऊक आहे. इथल्या दवाखान्याला नर्स हवीच आहे. तिने इथे यावे. इमारत उभी राहीपर्यंत वरच्या दोन खोल्या तिच्या, नंतर सगळे घर. अडचण अशी की मार्चपासून मी ओरिसियाला सांगत आलो आहे की त्या इमारतीची पायरी मी मेलो तरी चढणार नाही. तेव्हा तुम्ही तिला पत्र लिहा, जणू तुमच्याच डोक्यातून निघाल्यासारखे, की तुम्ही दोघे आता तिथे राहायला जा आणि घर तालियाला द्या. तुमचे ती ऐकते. मी आठवडाभर कडाडून विरोध करीन आणि मग तुमच्या शब्दाखातर नमते घेईन. माझे नाव कुठेही येता कामा नये.

ता. क. २ लॉर्न काल कुंपणापाशी येऊन चक्क पाच वाक्ये बोलला. त्यातली चार लिफ्टबद्दल होती.

(या खालचे अक्षर ओरिसियाचे)

दादा, पत्र पेटीत टाकायला त्याने माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायचं विसरला. तालियाशी मी एप्रिलमध्येच बोलले आहे. मुलांची शाळा संपली की ती येतेय, दवाखान्यातही तिने बोलून ठेवलंय. आमच्या दोघांची नावं मी दुसऱ्या मजल्यासाठी घातली होती, उद्या जाऊन पाचवा करून घेते. तू मात्र त्याने सांगितलंय तसंच पत्र मला लिही, त्याला फार बरं वाटेल. मीसुद्धा आठवडाभर नाहीच म्हणणार आहे. एकट्याच्या विरोधाने पाचवा मजला मिळाला; दोघांनी मिळून केला तर कोण जाणे, गच्चीही मिळेल.